सावलीवर आखलेलं शिबिर

खरं सांगायचं तर धावड्याला मी नकार द्यायलाच निघाले होते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले मराठी ज्यू. घरात मराठी बोलतो, प्रार्थना हिब्रूत म्हणतो आणि शुक्रवारची संध्याकाळ झाली की कामं बाजूला ठेवून शब्बाथ पाळतो. आता आमची बरीच कुटुंबं इस्रायलला गेली आहेत. उरलेली मुलं ठाण्यात, मुंबईत, पुण्यात विखुरलेली. त्यांची एकमेकांशी ओळख राहावी म्हणून समाजातल्या चार-पाच जणांनी मे महिन्यात आठ दिवसांचं शिबिर भरवायचं ठरवलं. जागा देऊ केली अब्राहमकाकांनी. काका मूळचे रेवदंड्याचे. शेतकी खात्यातल्या नोकरीमुळे जाफराबादला आले आणि निवृत्त झाल्यावर भोकरदन तालुक्यात धावड्याजवळ शेत घेऊन तिथंच राहिले. शिबिर ठरलं तेव्हा जालना जिल्हा वेगळा होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. त्या सगळ्या मुलखात ज्यू म्हणावं असं हे एकच माणूस.

मैदान कुठं, प्रार्थनेची जागा कुठं, जेवणं कुठं, हे ठरवायला कुणीतरी आधी जाऊन यायला हवं होतं. मी शाळेत कवायत आणि खेळ शिकवते, म्हणून सगळ्यांनी माझं नाव घेतलं. मला मात्र एकच गोष्ट दिसत होती. आदल्या वर्षी मार्चच्या उन्हात मी मुलींची संचलनाची तालीम जरा लांबवली होती आणि सातवीतली एक मुलगी भोवळ येऊन माझ्या पायाशी पडली होती. ती दोन दिवसांत बरी झाली. मी झाले नव्हते. आणि आता मराठवाड्यातल्या मे महिन्यात अडतीस मुलं न्यायची? मनात उत्तर तयार होतं. फक्त जाऊन, बघून, सभ्यपणे सांगायचं उरलं होतं.

भोकरदन ते धावडा

औरंगाबादपर्यंत रेल्वे, पुढे भोकरदनपर्यंत एसटी, आणि तिथून जीप. जीपमध्ये माझ्या आधीच अकरा जण बसलेले आणि टपावर वाळलेल्या मिरच्यांची पोती. गाडी हलली तशी पोत्यांतून बारीक तिखट धूळ आत उतरू लागली. मी शिंकायला लागले ती थांबेचना. समोरच्या आजोबांनी आपल्या पागोट्याचा शेव माझ्यापुढं केला.

"नाकाला लावा, बाई. आमाला सवय हाय. तुमी पहिल्यांदाच आल्या दिसता."

मी शेव नाकाला लावला. पुढच्या प्रवासात त्यांनी मान माझ्याकडे झुकवून ठेवली होती, कारण पागोटं डोक्यावरच होतं. उतरताना मी आभार मानले तर ते म्हणाले, "त्यात काय झालं? मान जरा आखडली, बस."

बाहेर बघावं तर कापूस वेचून झालेली पऱ्हाटी करड्या काड्यांसारखी उभी, शाळूची कणसं काढलेली रानं, आणि उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगराची निळसर रेघ. कोकणातल्या माणसाला डोळे कुठं टेकवावेत ते कळत नाही. आमच्याकडे चार पावलांवर नारळ नाहीतर भिंत आडवी येते. इथं आभाळ थेट जमिनीपर्यंत आलेलं.

काका फाट्यावर उभे होते. सत्तरीचे, ताठ, डोक्यावर पांढरी टोपी. "शालोम, फ्लोरा!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली. मग माझी पिशवी हिसकावून घेत म्हणाले, "किती दिवसांनी हा शब्द मोठ्यानं म्हटला, माहितीये?"

घरी पाणी प्यायच्या आधीच त्यांनी मला मैदान दाखवायला नेलं. दोन एकर जमीन त्यांनी बाभळी, बोरी, झुडपं सगळं काढून सपाट करून घेतली होती. एक दगड नाही, एक काटा नाही आणि एक झाड नाही.

"पोरांसाठी!" काका म्हणाले. "चार महिने लागले. आता इथं तंबू, इथं प्रार्थना, इथं खेळ. सगळं एका नजरेत."

दुपारचे साडेतीन वाजले होते. जमिनीतून वर येणारी धग माझ्या चपलेच्या तळातून जाणवत होती. मार्च महिना होता हा.

संध्याकाळी जेवताना मनातलं बोलले. सुमनबाईंनी, म्हणजे शेजारच्या शेताच्या मालकीणबाईंनी, ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवली होती. पहिला घास तिखटानं जिभेला लागला आणि चांगला लागला. पण मला ते ओझं पोटात ठेवून जेवता येईना.

"काका, माफ करा. इथं मुलं आणणं मला जमायचं नाही. एवढं ऊन, आडोसा नाही. एखादं पोर आजारी पडलं तर त्यांच्या आयांना मी काय सांगू?"

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सारा गेली त्याला चार वर्षं झाली," ते म्हणाले. सारा म्हणजे त्यांच्या पत्नी. "तिला इथंच मातीत ठेवलं, आंब्याच्या पलीकडं. तेव्हा कद्दिश म्हणायला दहा पुरुष कुठून आणणार होतो?"

ज्यू नसलेल्या वाचकांसाठी सांगायला हवं. कद्दिश ही गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. ती एकट्यानं म्हणता येत नाही, दहा ज्यू पुरुष जमावे लागतात. तेरा वर्षं पूर्ण झालेला मुलगाही त्यात धरतात.

"तेवढ्यासाठी मुलांना बोलावतोय असं समजू नकोस," काका म्हणाले. "पण पोरं आली असती, तर मी एकदा कद्दिश म्हणून घेतली असती. राहू दे. तू म्हणतेस ते बरोबर आहे."

ते हात धुवायला उठले. मला वाटलं, मी उद्याच परत फिरावं.

भेग

दुसऱ्या दिवशी सकाळी साराकाकूंच्या जागेवर जाऊन यावं म्हणून एकटीच निघाले. वाट सोडून शेतातून गेले, हे चुकलं. काळी जमीन उन्हानं वाळून तडकली होती आणि भेगांवर पालापाचोळा पसरलेला. माझा उजवा पाय घोट्यापर्यंत एका भेगेत गेला, अंग पुढं गेलं आणि पाय मागंच राहिला.

मी ओरडले असणार, कारण सुमनबाई धावत आल्या. पन्नाशीच्या, काटक, नऊवारीचा काचा मारलेल्या. त्यांनी पाय दाबून बघितला.

"मोडला न्हाई. मुरगळला. वाट सोडून काहून हिंडून राह्यल्या, मॅडम? ही काळी माती हाय, ती काय तुमच्या मुंबईचा रस्ता न्हाई."

त्यांनी आणि काकांनी मला आधार देत आंब्याखाली नेलं. सुमनबाईंनी हळद-मीठ गरम करून लेप दिला आणि बाज टाकून मला तीवर बसवलं. "आता चार दिवस एसटीचं नाव काढायचं न्हाई."

काकांच्या आंब्यांना लागूनच सुमनबाईंचं खळं होतं. तिथं त्या मिरच्या निवडत होत्या. मी बसल्या बसल्या बघत राहिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. सकाळी आठला त्यांचं निवडायचं गोणपाट आंब्यांच्या पश्चिमेला होतं. दहा वाजता त्या उठल्या, गोणपाट ओढत झाडाच्या बुंध्याशी आणलं आणि वाटेत माझी बाजही माझ्यासकट सरकवली. बाराला काकांना हाक मारली, दोघांनी मिळून मला खाली नाल्याच्या कडेला नेलं. तिथं चिंचेची चार जुनी झाडं आणि करंज एकमेकांत गुंतून दाट झालेले. आत पाऊल टाकलं तसं अंग निवलं. अडीचला मात्र त्या पुन्हा उठल्या.

"आता कुठं?" मी विचारलं.

"घराच्या मागं. उन्ह आता तिकडून हाणायला लागंल. सावली चालती, मंग आपण बी चालायचं. आमच्या सासूबाईनं पोरगी असल्यापासून शिकिवलं. उन्हाळ्यात एका जागी बसून काम केलं तर मानूस पडतंय."

घराची दगडी भिंत पूर्वेच्या अंगाला दुपारी गार सावली टाकत होती. मी भिंतीला टेकून बसले. दिवसभरात मला एकदाही ऊन लागलं नव्हतं. डोकं दुखलं नव्हतं. वीस वर्षं मी मैदानावर शिकवते आहे, पण जागा ठरवायची आणि मुलांना तिथं उभं करायचं एवढंच मला माहीत. वेळेप्रमाणे जागा बदलायची, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

साडेपाचला काकांचं ते उघडं मैदान बघायला मी हट्टानं गेले, काकांच्या खांद्याला धरून. वारा सुटला होता. जमीन अजून कोमट होती, पण ऊन कलून त्याची धार गेली होती.

"काका," मी म्हटलं, "संध्याकाळच्या खेळांना यापेक्षा चांगलं मैदान ठाण्यात कुठंच मिळणार नाही."

ते थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे उद्या मला चुना लागेल. एक पोतंभर."

चुना आणि मुनीरभाई

चुना घेऊन आले मुनीरभाई. हसनाबादचे गवंडी, काकांचं घर त्यांनीच बांधलेलं. पांढरी दाढी, कानामागं पेन्सिल. मी बाजेवर बसून सांगायचं आणि त्यांनी चुन्याची रेघ मारायची, असं ठरलं. सकाळी नऊला आंब्यांची सावली जिथवर गेली तिथं रेघ. बाराला चिंचांखाली रेघ, आणि सगळी मुलं तिथं मावली नाहीत तर म्हणून आंब्यांच्या उत्तरेलाही एक. चारला घरामागं मारायची होती. सकाळची प्रार्थना आणि गाणी आंब्यांखाली, दुपारचं जेवण आणि हस्तकला चिंचांखाली, मधे झोप तिथंच, चारनंतर गोष्टी आणि हिब्रू अक्षरं घरामागं, आणि साडेपाचला मैदान. दुपारपर्यंत मला माझाच अभिमान वाटायला लागला होता.

सुमनबाई भाकरी घेऊन आल्या. आंब्यांच्या उत्तरेला मारलेली बाराची एक रेघ त्यांनी बघितली आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"हे फागुनातलं हाय, मॅडम. पोरं कवा येनार?"

"मे महिन्यात."

"म्हंजी वैशाखात. तवा दुपारची सावली अशी उत्तरेला पडत न्हाई. पार पायाखाली येती. ह्या रेघंवर पोरं बसवली तर भाजतील की."

सूर्य मेमध्ये डोक्यावर येतो, हे मी भूगोलात शिकले होते. कागदावर शिकले होते. सुमनबाईंनी चुन्याची पाटी घेतली, पायानं माझी रेघ पुसली आणि झाडांच्या पानांखाली, अगदी आत, नवी मारली. जागा निम्मी झाली.

"एवढ्यात अडतीस मुलं?"

"मंग निम्मी चिंचंखाली, निम्मी हितं. मांडव बी टाका. मुनीरभाई हायेत की."

मुनीरभाईंनी कानामागची पेन्सिल काढली. "बिलकुल. पऱ्हाटीचा कूड करतो, वरून पाचट. सकाळी पाण्याचा शिडकावा मारला की आत बसून पोरं घोंगडं मागतील, मॅडम. विहिरीपासून लांब, खालच्या अंगाला संडासाचे चर खोदून देतो. फक्त एक सांगा, नमाजेला, म्हणजे तुमच्या प्रार्थनेला, तोंड कुठल्या बाजूला करता?"

"पश्चिमेला. जेरुसलेम तिकडं आहे."

"आमचा किब्ला पण पश्चिमेलाच," ते म्हणाले, आणि मांडवाच्या जागी उभे राहून त्यांनी हातानं दिशा धरली. "मंग काम सोपं झालं. पश्चिमेची भिंत बंद ठेवू. दुपारनंतरचं उन्हही तिकडूनच येतं. दोन्ही काम एका भिंतीत बराबर होतात."

त्यांना आमच्याबद्दल माझ्या अपेक्षेपेक्षा खूप जास्त माहीत होतं. मूसा नबींच्या, दाऊद नबींच्या गोष्टी ते लहानपणी आजीकडून उर्दूत ऐकत आले होते. डुक्कर आम्हीही खात नाही, मुलांची सुंता आम्हीही करतो, हे काकांनी त्यांना कधीच सांगून ठेवलं होतं. सुमनबाईंना मात्र एकच प्रश्न होता. शिबिरात त्याच स्वयंपाक करणार होत्या.

"शनवारी चूल पेटवायची न्हाई म्हन्ता, तर पोरं खानार काय?"

"शुक्रवारी करून ठेवलेलं."

"अस्सं? म्हंजी शिळासप्तमीवानी." त्या दिवशी त्यांच्याकडेही चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं खातात. "आमची वर्षातून एकदा, तुमची दर आठवड्याला. मंग धपाटे करू. दशम्या करू. दोन दिवस काई होत न्हाई त्यांना."

मांस आणि दूध एका जेवणात घ्यायचं नाही, हा आमचा नियम सांगायची वेळच आली नाही. स्वयंपाक शाकाहारी, भांडी कोरी. घरी नारळाच्या दुधाशिवाय आमचं पान हलत नाही. इथं शेंगदाण्याच्या कुटानं तीच जागा घेतली, आणि मला ती पटली.

पाय पाचव्या दिवशी टेकवता आला. निघताना काकांनी विचारलं नाही. मी होऊनच सांगितलं, "मुलं येतील."

त्यांनी माझी पिशवी जीपमध्ये ठेवली, खाली काढली, पुन्हा ठेवली.

मे

ठाण्याला येऊन मी सगळ्यांना नकाशा दाखवला. त्यावर जागांसमोर वेळा लिहिलेल्या बघून एक गृहस्थ म्हणाले, "हे शिबिर आहे की रेल्वेचं वेळापत्रक?" तरी सगळे तयार झाले. माझ्यासोबत चार शिक्षक आले.

आठ दिवस कसे गेले ते सगळं सांगत बसत नाही. पहाटे पाचला उठायचं, सावलीबरोबर सरकायचं, दुपारी चिंचेखाली झोपायचं. पहिल्या दिवशी मुलं कुरकुरली. तिसऱ्या दिवशी कुणी सांगायच्या आधी आपापल्या चटया उचलून निघू लागली. दोघांचा घोळणा फुटला, सुमनबाईंनी नाकाशी कांदा धरला आणि डोक्यावर पाणी थापलं. एकीला विंचू दिसला, चावला नाही. संडासाचे तट्टे वाऱ्यानं एकदा आडवे झाले, तेव्हा मुलींनी जो आरडाओरडा केला तो धावड्यापर्यंत गेला असेल. पण भोवळ येऊन कुणीही पडलं नाही. मी रोज रात्री झोपण्याआधी अडतीस डोकी मोजायची आणि मनातल्या मनात देवाचे, आणि मग सुमनबाईंचे आभार मानायची.

शुक्रवारी संध्याकाळी मुनीरभाईंच्या मांडवात दिवे लावले. पऱ्हाटीच्या कुडाला नुकतंच पाणी मारलेलं, ओल्या काड्यांचा वास येत होता. शिक्षकांपैकी तिघे पुरुष, एक काका. उरलेल्या सहा जणांसाठी, त्या तिघांतल्याच प्रार्थना चालवणाऱ्या सरांनी तेरा पूर्ण झालेल्या मुलांना पुढं बोलावलं. पाच आले. मी मोजत होते. नऊ.

दहावा डॅनियल. त्याला तेरा पूर्ण व्हायला अजून आठवडा आहे, असं त्याच्याच बहिणीनं मोठ्यानं सांगितलं. काकांनी हातातलं प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. "राहू दे," ते म्हणाले. मार्चमध्ये म्हणाले होते तसंच.

सरांनी डॅनियलला जवळ घेऊन विचारलं, "तुझा जन्म ज्यू पंचांगाप्रमाणे कधीचा? तेरा वर्षं त्यावरच मोजतात. आईनं सांगितलंय?"

त्याला माहीत नव्हतं. सरांकडे जुनं पंचांग होतं. ते दिव्याजवळ बसून पानं उलटू लागले. मला आयुष्यात एवढा लांब वेळ दुसरा आठवत नाही. मग त्यांनी मान वर केली.

"मागच्या सोमवारीच पूर्ण झाली याला तेरा."

डॅनियल पुढं जाऊन उभा राहिला. आधी शब्बाथची गाणी झाली, मग प्रार्थना झाली, आणि शेवटी सरांनी काकांकडे बघितलं. काका पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पहिला शब्द निघाला, दुसरा अडला. मुलं थांबली. मग काकांनी घसा साफ केला आणि साराकाकूंसाठीची कद्दिश सबंध म्हटली, एकही शब्द न गाळता. मधे मधे सगळ्यांनी "आमेन" म्हणायचं असतं. अडतीस मुलांनी म्हटलं. आणि त्यांच्यामागून, कुडाच्या बाहेरून, एक जाड आवाज दर वेळी किंचित उशिरानं येत होता, "आमीन."

मांडव कसा टिकतोय ते बघायला मुनीरभाई आले होते. चपला काढून, टोपी घालून बाहेर उभे होते. शेजारी सुमनबाई, हात जोडून.

प्रार्थना संपली तेव्हा काका बाहेर गेले. त्यांनी मुनीरभाईंचे दोन्ही हात धरले आणि तसेच उभे राहिले. मग सुमनबाई म्हणाल्या, "चला, मॅडम. पोरं भुकेली असतील. पानं मांडा."

आम्ही पानं मांडली.